आधी तिने बोलावं

६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४.

पोचले. हॉटेल म्हणजे कुणा जमीनदाराची जुनी कोठी. पुढे तळं, मागे झाडी, तळमजल्यावर नवीन स्पा. दोनशे तीस वर्षं जुनी आहे असं दाराशी पाटीवर कोरलंय. लिफ्ट नाही. तीही ऐतिहासिक कारणांनीच नाही, असं मॅनेजरने हसतमुखाने सांगितलं. खोली दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या एक्केचाळीस. माझ्या खोलीत एकेकाळी एक सेनापती महिनाभर राहिला होता म्हणे. जखमी असणार. धडधाकट माणूस या गादीवर महिना काढणार नाही.

धाकटी बहीण संध्याकाळी येणार. तिची खोली माझ्या बरोब्बर समोर, जेवणाचं टेबल दोघींना एकच. हा सगळा भाचीचा उद्योग. आईची बाजू न घेता, मावशीची बाजू न घेता, दोघींना परस्पर बुकिंग पाठवून मोकळी झाली. फोनवर म्हणाली, मावशी, आई शनिवारी दादाकडे कायमची जातेय. डॉक्टर म्हणतात, जायचा विमानप्रवास कसाबसा झेपेल, परतीचा विचारच करू नका. अकरा वर्षं झाली, आता पुरे. सहा दिवस एका छपराखाली राहा आणि बोला.

मी म्हटलं, माझी कुठे ना आहे? मी मोठी आहे. मोठेपणा दाखवायला मी केव्हाही तयार असते. धाकटीने एकदा सुरुवात करावी, पुढचं सगळं मी सोपं करीन.

७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.

संकल्प. रोज तळ्याला तीन फेऱ्या. गोड पूर्ण बंद. स्पाचा कसून उपयोग. धाकटीला बोलण्याच्या रोज किमान तीन संधी देणे.

शेवटची गोष्ट मला सहज जमेल. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं तक्रारींचा विभाग सांभाळलाय. समोरच्याला बोलतं कसं करायचं हे मला कुणी शिकवायला नको.

सकाळी १०.

ब्रेकफास्टला भेट झाली. म्हणजे एका टेबलाशी बसलो. धाकटी काठी घेऊन आली. खूप म्हातारी दिसते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, पण कुणी उलटंच समजेल. मी मान ताठ ठेवली आणि चेहऱ्यावर एक समंजस भाव आणला. (आरशात आधी करून पाहिला होता.) तिनेही मान ताठ ठेवली. अंडी आली, संपली. ती उठली.

पहिली संधी तिने घालवली. दोन बाकी.

सकाळी ११.

या बाबतीत माझा धीर का सुटत नाही ते लिहून ठेवते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दोन मुलींचं भांडण झालं की मदर त्यांना व्हरांड्यात समोरासमोर उभं करायच्या. नियम असा: जिची चूक, ती आधी बोलेल. जिची चूक नाही, तिने ताठ उभं राहून गप्प बसायचं. ओरडणं नाही, चौकशी नाही. सत्य आपोआप बाहेर येतं, असं मदर म्हणायच्या. धाकटी आणि मी दोघी दहा-दहा वर्षं त्या शाळेत काढलेल्या. नियम तिलाही पाठ आहे. तरी ती बोलत नाही, याचा अर्थ तिला अजून चूक कळलेली नाही, एवढाच.

चूक काय? आई गेली तेव्हा मी धाकटीच्या घरी तिला एक साधा प्रश्न विचारला होता. तिने उत्तर दिलं नाही. मी अजून उत्तराची वाट पाहतेय. अकरा वर्षं म्हणजे कुठल्याही खात्याच्या मानाने उशीरच झाला.

संध्याकाळी ६.

तळ्याला फेऱ्या: एक. दुसरी अर्ध्यात सोडली, बदकं अंगावर आली. मॅनेजरकडे लेखी तक्रार, क्रमांक एक (गादी) आणि क्रमांक दोन (बदकं). चहाबरोबर केक. तो दरातच धरलेला आहे, म्हणजे संकल्पात मोडत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी २.

स्पामध्ये मसाज. मसाज करणारी मुलगी हाताने बारीक, पण बोटं लोखंडाची. मानेला हात लावून म्हणाली, मॅडम, इथे खूप वर्षांचं काहीतरी धरून ठेवलंय तुम्ही. मी तिला सांगितलं की मी मान आयुष्यभर ताठ ठेवली आहे, आणि तिने आपल्या कामापुरतं बघावं. तिने आपल्या कामापुरतं बघितलं. अजून दुखतंय.

दुपारच्या जेवणाला प्रगती झाली. धाकटीच्या सूपमध्ये मीठ कमी असावं, कारण ती मिठाच्या डबीकडे पाहत होती. डबी माझ्याकडे होती. ही दुसरी उत्तम संधी. नुसतं 'मीठ' म्हणाली असती तरी मी अर्धी माफी धरली असती. ती वेटरला म्हणाली, समोरच्या बाईंचं झालं असेल तर मीठ द्या. मी वेटरला म्हटलं, समोरच्या बाईंना सांगा, माझं केव्हाच झालंय, त्यांनी नुसतं मागायचं होतं. वेटर आमच्याच वयाचा आहे. तीस वर्षं या हॉलमध्ये काढलीत म्हणे. त्याने डबी उचलली, टेबलाच्या अगदी मध्यावर ठेवली आणि निघून गेला. दोघींनी अळणी सूप प्यायलं.

मॅनेजरचं उत्तर आलं, छापील कागदावर: 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.' या वाक्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. मी ते हजारो लोकांना पाठवलंय.

९ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ९.

पाऊस. तळ्याच्या फेऱ्या निसर्गाने रद्द केल्या, मी नाही.

धाकटी रात्री खूप खोकत होती. दारं जुनी, खालून बोटभर फट, सगळं ऐकू येतं. मॅनेजरकडे तक्रार क्रमांक पाच केली की माझ्या समोरच्या खोलीतली खिडकी नीट लागत नाही, वारा येतो, तिथल्या बाईंना खोकला झालाय, ताबडतोब सुतार पाठवा. मॅनेजरने विचारलं, त्यांनी तक्रार केली आहे का? मी म्हटलं, त्या करणार नाहीत, त्या तशाच आहेत लहानपणापासून. मग त्याने विचारलं, आपण त्यांच्या कोण? मी म्हटलं, याचा खिडकीशी काय संबंध?

सुतार आला. खिडकी लागली. खोकल्याची झोपमोड मला परवडत नाही, म्हणून केलं.

दुपारी ४.

पावसात करायला काही नाही, म्हणून तो प्रश्न लिहून ठेवते. रेकॉर्ड असावं.

प्रश्न असा होता: 'आईला सकाळपासून त्रास होत होता, मग हॉस्पिटलात न्यायला रात्र का झाली?' एवढाच. ओरडून विचारला नाही. वीस-पंचवीस माणसं जमली होती हे खरं, पण ती मी जमवली नव्हती. आणि माझा आवाज मुळातच स्पष्ट आहे. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि अर्थातच मीही नाही.

लोक म्हणतात मी स्वतः उशिरा पोचले. त्याचं असं आहे. धाकटीचा फोन आला तेव्हा मी दुपारच्या गाडीने निघते असं कळवलं होतं. त्या दिवशी ऑफिसात वरिष्ठांची भेट होती, म्हणून दुसऱ्या दिवशी निघाले. पण दुपारच्याच गाडीने.

१० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ११.

ऊन पडलं. आज डावपेच बदलला. धाकटी सकाळी तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसते हे वरच्या खिडकीतून हेरून ठेवलं होतं. मी फेरीला निघाले. बाकासमोरून गेले, चाल मुद्दाम हळू. ती पाण्याकडे पाहत होती. दुसऱ्या फेरीला आणखी हळू. तिने पाहिलं. तिसऱ्या फेरीला ती बाकावर बाजूला सरकली, पिशवी उचलून मांडीवर घेतली. ऊन लागत असावं. मी पुढे गेले. चौथी फेरी मारावी की नाही याचा विचार केला, पण संकल्प तीनचा होता.

वळून पाहिलं तर ती अजून बाकाच्या कडेलाच बसून होती, बाकीचा बाक रिकामा. विचित्र सवयी लागतात म्हातारपणी.

दुपारी ३.

गरम पाण्याच्या हौदात वीस मिनिटं. भिंतीवर 'शांतता राखा' असं तीन ठिकाणी. आत दोघीच. ती त्या टोकाला, मी या टोकाला. तिने गळ्यापर्यंत पाण्यात डोळे मिटले होते. पाण्यात माणूस हलका होतो. तिला काठी लागत नव्हती, आणि एकदम ती फ्रॉकमधली दिसली. मी काही म्हणणारही होते. पण पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं.

सायंकाळी ६.

आज उगीचच शाळेतली एक गोष्ट आठवली. आम्हा दोघींनाही एकदा त्या व्हरांड्यात उभं केलं होतं. मदरच्या टेबलावर शाईची दौत सांडली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं, तिने माझ्याकडे. दुपारची सुट्टी संपली, डबे उघडले नाहीत, दोघी समोरासमोर. मला भूक सहन होत नसे, माझे पाय लटपटायला लागले. तेव्हा धाकटी बोलली. 'मदर, मी सांडली.' तिला दहा छड्या बसल्या आणि मला डबा उघडायला मिळाला. नियम अचूक आहे, हे मला तेव्हापासून पटलेलं आहे.

दौत मी सांडली होती. पण तो मुद्दा वेगळा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी १०.

वजन केलं. सव्वा किलो वाढलं. स्पाचा काटा ऐतिहासिक आहे का, असं विचारलं. नवीन आहे म्हणाले.

भाचीचा फोन. आवाजात आशा. विचारलं, काय मग, काय काय बोललात? मी म्हटलं, वातावरण अनुकूल आहे. मीठ, खिडकी आणि बाक या तीन बाबतींत बरीच प्रगती आहे. ती म्हणाली, मावशी, बोललात का? मी म्हटलं, मी तयारच आहे, तुझी आई बोलायची खोटी. मग ती म्हणाली,

“मावशी, आई रोज मला अगदी हेच सांगते. शब्दन् शब्द. ती तिकडे ताठ, तू इकडे ताठ. कुणी शिकवलं गं तुम्हाला हे?”

मी तिला मदरचा नियम समजावून सांगायला लागले तर म्हणाली, आईने कालच सांगितला. आणि वर म्हणाली, ती उद्या जाणार आहे मावशी. बदलीवर नाही जात, कायमची जातेय. तिला या जन्मी परत पाहणार नाहीयेस तू.

आजकालच्या मुलांना बोलण्याचा पोच नाही.

दुपारी १.

जेवणाला धाकटी आली नाही. वेटर म्हणाला, सामान भरतायत. तिची खुर्ची त्याने उगाच सरळ केली, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, बाई, या हॉलमध्ये मी पुष्कळ भांडणं पाहिलीत, पण लोक निदान भांडतात तरी. मी त्याला सूप गार असल्याचं सांगितलं. सूप गार नव्हतं.

संध्याकाळी ५.

निर्णय झाला. उद्या मीच बोलणार. यात माझी चूक कबूल केल्यासारखं होत नाही, कारण नियम फक्त विद्यार्थिनींना लागू होता. धाकटीची विमानतळाची गाडी दहाला आहे. नऊ वाजता ब्रेकफास्टच्या टेबलावर मी एक वाक्य बोलेन. चार मसुदे केले.

पहिला: 'झालं गेलं विसरून जा.' यात विसरायचं काय, असा प्रश्न निघेल. बाद.

दुसरा: 'माझा प्रश्न मी मागे घेते.' फार सरकारी.

तिसरा: 'माझं चुकलं.' हा फक्त अक्षर कसं दिसतं ते बघायला लिहिला.

चौथा: 'पोचल्यावर कळव.' हा पक्का. यात माफी नाही, पण काळजी आहे, आणि मोठेपणाही राहतो. बिछान्यावर बसून सहा वेळा म्हणून पाहिलं. शेवटी आवाज जरा फाटतो. उद्या घोटभर पाणी पिऊन बोलणे.

सकाळी आठचं फेशियल ठरवलंय. ती मला शेवटची पाहणार तर चेहरा ताजा असावा. एवढ्या वर्षांनी नीट तोंडाकडे पाहील, आणि तोंडावर गादीच्या सुरकुत्या असल्या तर काय उपयोग?

१२ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७.

आज. वाक्य पाठ. निळी साडी काढून ठेवली.

सकाळी ११.

क्रमाने लिहिते, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट राहील.

आठला स्पात हजर. खोली गार. ते मसाजवाल्या मुलीला सांगितलं. तिने हीटर लावला, त्याला जळका वास. तेही सांगितलं. तिने सॉरी म्हटलं, पण तोंडी सॉरीला अर्थ नसतो, म्हणून फॉर्म मागवून लेखी दिलं. यात पाऊण तास गेला. नऊला पाच कमी असताना तिने माझ्या चेहऱ्यावर कसलीशी माती थापली, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, वीस मिनिटं शांत पडून राहा म्हणाली आणि गेली. मी मनात वेळ मांडली. सव्वानऊला सुटका, साडेनऊला टेबलावर, हातात अर्धा तास. एका वाक्याला पुष्कळ.

मग दार वाजलं. काठीचा आवाज आला.

“ताई, गाडी लवकर आलीय. खाली दिसली नाहीस म्हणून आले.”

ताई. अकरा वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची ओढल्याचा आवाज. ती बसताना थोडी कण्हली.

“डॉक्टर दुपारीच येऊन गेले होते. लगेच हलवा म्हणाले. आईच निघेना. म्हणाली, ताई दुपारच्या गाडीने येतेय, घराला कुलूप बघून घाबरेल पोर. ती आली की तिघी मिळून जाऊ. रात्रीपर्यंत दाराकडे बघत बसली. मग मीच जबरदस्तीने उचललं तिला. आता हे मी त्या पंचवीस माणसांत सांगायचं होतं का? तुला जन्मभर पुरलं असतं ते.”

मला तिचा श्वास ऐकू येत होता, खोकला दाबलेला.

“आज तरी कशाला सांगतेय, माहीत नाही. जाताना मनात नको वाटलं. तू काहीतरी बोल.”

माझं वाक्य तयार होतं. पण माती ओठांच्या कडेपर्यंत वाळत आली होती. बोलले असते तर तडे गेले असते, मग परत धुवा, परत लावा. शिवाय ते वाक्य टेबलासाठी बसवलेलं होतं, पडल्या पडल्या म्हणायचं नव्हतं. आणि त्यात तिच्या बोलण्याचं उत्तर नव्हतं. उत्तर तयार करायला मला थोडा वेळ हवा होता, आणि तो ती देईल असं मी धरून चालले होते. ती नेहमी देते.

माझ्या हातावर तिने हात ठेवला. गार होता. मग काढला.

“बरं,” ती म्हणाली. “सांभाळ.”

खुर्ची. काठी. दार. मी उरलेली मिनिटं पडून राहिले. सूचना वीस मिनिटांची होती.

मसाजवाली आली, कापूस काढला आणि म्हणाली, हा इतका कसा भिजला? मी म्हटलं, तुमची माती झोंबते. मग सहज विचारलं, ही लावलेली असताना बोललं तर काय होतं? म्हणाली, काही नाही मॅडम, बायका मास्क लावून तासभर फोनवर बोलतात.

ही माहिती आधी द्यायला हवी होती.

साडी नेसून खाली गेले तेव्हा वाटेवर चाकांच्या खुणा होत्या. वेटर टेबल आवरत होता.

दुपारी ४.

आधी ती बोलली. म्हणजे नियमाप्रमाणे

वाक्य पुरं होत नाहीये. पेन बदलून पाहिलं.

धाकटीला फोन लावला. बंद. विमानात बंदच ठेवतात, त्यात वावगं काही नाही. लागला असता तर काय म्हणायचं ते अजून ठरलेलंही नव्हतं, त्यामुळे एका अर्थी बरंच झालं. दौत, दुपारची गाडी आणि वीस-पंचवीस माणसं असे तीन मुद्दे आहेत. सविस्तर पत्र लिहीन. मसुदा उद्यापासून.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.

निघायची तयारी झाली.

भाचीचा फोन. धाकटी सुखरूप पोचली. खोकला वाढलाय, बोलायला त्रास होतो, पण पोचल्या पोचल्या तिने पहिली गोष्ट मुलीला विचारली ती ही: ताई काही म्हणाली का? भाची म्हणाली, मावशी, आई तुला काहीतरी सांगून आलीय म्हणे. काय ते मला सांगत नाही. तू गप्प राहिलीस म्हणून तिला वाटतंय, सांगायला नको होतं. तिला मी काय कळवू?

मी बॅगेची चेन लावली. मग म्हटलं, तिला सांग, मला झोप लागली होती. मी काहीच ऐकलं नाही.

भाचीने विचारलं, मग तिला परत सांगायला लावू का? थोडं बरं वाटलं की फोन करील ती.

मी म्हटलं, नको. तिला त्रास कशाला?

भाची 'बरं' म्हणाली आणि तिने फोन ठेवला. हे खोटं बोलणं नव्हे. मी आडवी होते, खोलीत अंधार होता आणि डोळ्यांवर कापूस होता. झोप याहून वेगळी काय असते?